आवळायच्या दिशेनं

माझ्या बाल्कनीत एक जुनं जाळीचं कपाट आहे. एके काळी त्यात दूध, दही, लोण्याचा गोळा असायचा. आता कुंड्यांचं खत आणि पावसाळी चपला असतात. त्याच्या कडीला एक बारीक पोलादी तार बांधलेली आहे. दुपदरी, आणि पीळ इतका एकसारखा की यंत्रानं घातला असेल असं वाटावं. कपाटाची जाळी तीनदा बदलली, मागची फळी वाळवीनं खाल्ली, तार आहे तशीच आहे. ती माझ्या आजोबांच्या धाकट्या भावानं, भाऊआजोबांनी बांधली, माझ्या जन्माच्या आधी कधीतरी.

भाऊआजोबा सांताक्रूझच्या हँगरमध्ये फिटर होते. या तारेला ते लॉकिंग वायर म्हणत. इंजिनाला हादरे इतके बसतात की नुसता आवळलेला बोल्ट हळूहळू सुटत जातो. म्हणून बोल्टच्या डोक्याला भोक असतं, त्यातून तार ओवायची आणि पिळून शेजारच्या बोल्टला बांधायची. यात एकच मेख. तार अशा बाजूनं न्यायची, की बोल्ट सुटायला लागलाच तर तारेनं त्याला आवळायच्या दिशेनं ओढलं पाहिजे. उलट्या बाजूनं बांधलेली तार दिसते तितकीच सुबक, पण कामाची शून्य. पार्ल्याच्या आमच्या घरात बादलीच्या कानाला, कंदिलाच्या दांड्याला, माझ्या दप्तराच्या बकलाला, सगळ्याला ही तार होती. काकीआजी म्हणायची, "मलाच तेवढी बांधली नाही यांनी."

२०१८च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या अपघाताची बातमी आली तेव्हा मी नकळत त्या कडीपाशी जाऊन उभी राहिले. युंकर्स ५२ जातीचं, १९३९ साली बांधलेलं तीन इंजिनांचं प्रवासी विमान. अंगाला पन्हळी पत्रा, आपल्याकडच्या गोदामांच्या छपरासारखा. जर्मन लोक या विमानाला लाडानं 'यू मावशी' म्हणतात. हौशी प्रवाशांना आल्प्सवरून फिरवून आणायचं तिचं काम. ४ ऑगस्टला लोकार्नोहून ड्यूबेनडॉर्फला परतताना ती पित्स सेग्नास शिखराच्या खालच्या खोलगट भागात जवळपास उभीच कोसळली. १७ प्रवासी, ३ कर्मचारी. कुणी वाचलं नाही. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर लगेच निकाल लागला: "७९ वर्षांचं विमान उडवायचंच कशाला?"

चौकशीचा अहवाल २०२१ साली आला. वैमानिकांनी विमान अरुंद दरीत, फार कमी उंचीवरून, वळून परतायला जागा राहणार नाही असं नेलं होतं. यंत्राचीही उणीदुणी निघाली, गंज सापडला, देखभालीतल्या त्रुटी सापडल्या. पण विमान त्यांच्यामुळं पडलं नाही, असं अहवाल म्हणतो. ग्रुपवर मी ते टाकलं. तोवर कुणाला त्यात रस उरला नव्हता.

भाऊआजोबा असते तर त्यांनी तो भाग दोनदा वाचून घेतला असता. विमान पडल्याची बातमी ते कधी वैमानिकापासून सुरू करत नसत. "कुणाची सही होती?" हा त्यांचा पहिला प्रश्न. काम झालं की कागदावर खाली फिटरची सही होते. विमान उडून जातं, सही मागं राहते.

त्यांच्या सगळ्या गोष्टी फिरून फिरून एकाच विमानाशी यायच्या. लॉकहीडचं कॉन्स्टेलेशन. आज ते संग्रहालयातलं विमान झालंय, पण १९४८च्या ८ जूनला एअर इंडिया इंटरनॅशनलची पहिली फेरी मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाली ती याच विमानानं. ते 'मलबार प्रिन्सेस'. पुढं रजपूत, मुघल, बंगाल अशा सगळ्या राजकन्याच आल्या, त्यात एक 'मराठा प्रिन्सेस'ही होती. भाऊआजोबा त्या काळात नुकते कामाला लागले होते. कॉन्स्टेलेशनचं अंग माशासारखं मध्ये फुगीर, दोन्हीकडं निमुळतं, आणि शेपटीला एकाऐवजी तीन उभे पंख. ते का, तर एकच उंच पंख केला असता तर विमान हँगरच्या दारातून आत गेलं नसतं, असं ते सांगत. "मोठ्या माणसाला छोट्या घरात वाकून यावं लागतं, तसं," हे काकीआजीचं भाष्य. ती स्वतः विमानात कधी बसली नाही.

इंजिनं चार. प्रत्येकात १८ सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला २ स्पार्कप्लग. हिशेब आम्हा मुलांकडून करून घ्यायचे: १४४. "आणि त्यातला एक जरी रुसला तर कॅप्टनला कळतं." रात्रभर उभ्या राहिलेल्या अशा इंजिनात खालच्या सिलिंडरांत तेल उतरून साठतं, म्हणून चालू करण्याआधी पंखा सावकाश फिरवून पाती मोजायची. पेट्रोल हिरव्या रंगाचं असायचं. त्या इंजिनांना आग धरायची खोड होती, आणि जगभरचे वैमानिक कॉन्स्टेलेशनला थट्टेनं 'तीन इंजिनांचं सर्वांत चांगलं विमान' म्हणत, कारण चौथं कधी बंद पडेल याचा नेम नसे. हा विनोद भाऊआजोबांनी आम्हाला एकदाच सांगितला. स्वतः हसले नाहीत.

१९५०च्या ३ नोव्हेंबरला मलबार प्रिन्सेस जिनिव्हाला उतरायच्या आधी माँ ब्लाँच्या बर्फात आदळली. ४० प्रवासी आणि ८ कर्मचारी. प्रवाशांत बहुतेक खलाशी होते. न्यूकॅसलला एका जहाजावर हजर व्हायला निघालेले. मदतीला वर चढणारा रने पायो नावाचा वाटाड्याही त्या बर्फात गेला. हँगरमध्ये त्या दिवसांत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, एवढंच भाऊआजोबा सांगत. मग कळलं, हवा खराब होती, समोर डोंगर होता. "डोंगर," ते म्हणायचे, आणि हात झटकल्यासारखा करायचे. त्या एका शब्दात शोक किती आणि सुटका किती, हे मला फार उशिरा कळलं.

पण त्यांची खरी गोष्ट ११ एप्रिल १९५५ची. 'काश्मीर प्रिन्सेस', नोंदणी व्हीटी-डीईपी.

आमच्या घरी ही गोष्ट तीन जण तीन तऱ्हांनी सांगत. वरच्या मजल्यावरचे तात्या राजकारणाचे. ते सांगत, चीनचा पंतप्रधान चाऊ एन लाय शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून होता, तेवढ्यात कुणीतरी हातात चिठ्ठी दिली आणि तो मागं फिरला. तात्या स्वतः मागं वळून दाखवायचे, धोतराचा सोगा सावरत. काकीआजीच्या गोष्टीत चाऊ एन लाय नव्हताच. तिच्या गोष्टीत होती ग्लोरिया बेरी, विमानातली हवाई सुंदरी, जिनं धुरानं भरलेल्या केबिनमध्ये सगळ्यांना लाइफ जॅकेटं वाटली आणि स्वतः उरली नाही. हे सांगताना काकीआजी हातातलं काम थांबवायची नाही. शेंगा सोलत सांगायची, आणि शेंगा सोलायचा वेग वाढत जायचा. आणि भाऊआजोबांच्या गोष्टीत होते कर्णिक.

अनंत कर्णिक हे देखभालीचे इंजिनिअर. परमुलखात विमानाची काळजी घ्यायला घरचा माणूस हवा म्हणून विमानाबरोबर गेलेले. बांडुंगला आशिया-आफ्रिकेतल्या देशांची परिषद भरणार होती आणि चिनी शिष्टमंडळातल्या काही जणांना जाकार्ताला न्यायला हे विमान भाड्यानं घेतलं होतं. मुंबईहून बँकॉकमार्गे ते हाँगकाँगला गेलं, काई टाक विमानतळावर थांबलं, आणि ११ प्रवासी घेऊन निघालं. चिनी अधिकारी, पत्रकार, एक व्हिएतनामी, एक पोलंडचा, एक ऑस्ट्रियाचा. कर्मचारी ८: कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार, सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक, फ्लाइट इंजिनिअर डिकुन्हा, पर्सर डिसोझा आणि पिमेंटा, बेरी, कर्णिक. पार्ल्यापासून वांद्र्यापर्यंत कुठल्याही गल्लीत हाक मारली तर कुणीतरी ओ देईल अशी नावं.

उड्डाणाला सुमारे ५ तास झाले होते. विमान १८,००० फुटांवर, खाली दक्षिण चीनचा समुद्र आणि नातुना बेटं. एक धडाका झाला. धूर केबिनमध्ये यायला लागला, उजव्या पंखावर ३ नंबरच्या इंजिनामागं आग दिसली. जटारांनी ते इंजिन बंद केलं. धोक्याचा संदेश तीनदा गेला, त्यात ठावठिकाणा होता, मग रेडिओ मुका झाला. विमान पाण्यावर उतरवायचा प्रयत्न करत त्यांनी ते खाली आणलं. लाइफ जॅकेटं वाटून झाली होती, पडल्या पडल्या बाहेर पडता यावं म्हणून संकटकाळची दारं उघडून ठेवली होती. पण दिवे, तारा, नियंत्रण, एकेक करून सगळं जात होतं आणि समोर धुराशिवाय काही दिसत नव्हतं. उजव्या पंखाचं टोक आधी पाण्याला लागलं आणि विमानाचे तुकडे झाले. १९ पैकी १६ गेले. दीक्षित, पाठक आणि कर्णिक कित्येक तास पोहत राहिले आणि वाचले. पुढं ब्रिटिश नौदलाच्या डॅम्पियर जहाजानं त्यांना उचललं.

तात्यांची चिठ्ठीची गोष्ट मी मोठेपणी पडताळून पाहिली. चाऊ एन लाय हाँगकाँगला नव्हताच. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळं बेत बदलला असं सांगितलं गेलं, आणि तो १४ तारखेला कुनमिंगहून रंगूनला गेला. तिथं नेहरूंना भेटून पुढं बांडुंगला पोचला. काहीतरी शिजतंय याची कुणकुण चीनच्या परराष्ट्र खात्याला होती. आदल्या दिवशी त्यांनी पेकिंगच्या ब्रिटिश प्रतिनिधीला सावध केलं होतं. तरीही ती ११ माणसं विमानात चढली. तात्यांच्या चिठ्ठीपेक्षा ही गोष्ट मला जास्त बोचते, पण शिडीवर मागं वळून दाखवण्यासारखं तिच्यात काही नाही.

हँगरमध्ये बातमी पोचली ती 'समुद्रात पडलं' एवढीच. "मग आम्ही काय केलं असेल?" भाऊआजोबा विचारायचे आणि उत्तरासाठी थांबायचे. आम्ही म्हणायचो, रडलात. "नाही. प्रत्येक जण आठवत बसला. आपण त्या विमानाला शेवटचा हात कधी लावला." त्यांनी आठवड्यापूर्वी लावला होता. उजव्या पंखाच्या इंजिनाचे प्लग बदलले होते. ३ नंबरचं की ४ नंबरचं, हे ते कधी म्हणाले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. कामाचे कागद कुलपात गेले होते, त्यामुळं स्वतःचीच सही बघता येत नव्हती.

चीननं दुसऱ्याच दिवशी घातपाताचा आरोप केला होता, पेपरात मथळे होते. तात्या पेपर घेऊन खाली यायचे, वाचून दाखवायचे. भाऊआजोबा मान हलवायचे. पेपरात आलं म्हणून हँगर मानत नाही. काकीआजी सांगे, त्या दिवसांत ते रात्री उठून जिन्यात जाऊन बसत. हातात तारेचा तुकडा. पिळायचा, उलगडायचा, परत पिळायचा. सकाळी जिन्यात तारेचे तुटके तुकडे सापडत, आणि पायात जातील म्हणून ती आधी झाडून घेई, मग दूध घ्यायला जाई. घरात ती एक अक्षर बोलली नाही. "विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं ना त्यांना," ती म्हणाली.

समुद्रातून विमानाचे भाग काढले गेले. इंडोनेशियाच्या चौकशी मंडळानं २६ मे रोजी जाहीर केलं: उजव्या चाकाच्या कप्प्यात, ज्याला हँगरमध्ये व्हीलवेल म्हणतात, तिथं वेळ लावलेला बाँब होता. अमेरिकन बनावटीचा एमके-७ डिटोनेटर. ३ नंबरची पेट्रोलची टाकी फुटली ती त्यानं. बाँब बहुधा हाँगकाँगमध्येच ठेवला गेला असावा.

११ एप्रिल ते २६ मे, ४५ दिवस.

त्या दिवशी हँगरमध्ये काय झालं, हे भाऊआजोबांनी मला सांगितलं तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि ते साठीच्या पुढं. घरातल्या आणखी कुणाला त्यांनी ते सांगितलं असेल असं वाटत नाही. "आम्ही चहा मागवला," ते म्हणाले. "कुणीतरी भजी मागवली. सोळा माणसं मेली होती आणि आम्ही भजी खाल्ली. एक जण हसलासुद्धा. मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं."

ते पुढं काही बोलले नाहीत. गॅलरीत संध्याकाळचं ऊन होतं, समोर जुना टॉवेल पसरलेला, त्यावर पाने ओळीनं मांडलेले. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, तरी ते महिन्यातून एकदा सगळे पाने काढून पुसत, मोजून परत पेटीत ठेवत. इंजिनात विसरलेला पाना म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढची चौकशी हाँगकाँगच्या पोलिसांनी केली. भारताच्या बाजूनं तिच्यात रामेश्वरनाथ काव होते, ज्यांनी पुढं 'रॉ' ही गुप्तचर संस्था उभी केली. त्या विमानाच्या देखभालीशी संबंध आलेल्या ७१ जणांची पोलिसांनी विचारपूस केली. संशय ठरला तो चाऊ त्से-मिंग नावाच्या सफाई कामगारावर. विमानतळावर विमानांची देखभाल करणाऱ्या कंपनीतच तो कामाला होता. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणं तैवानच्या क्वोमिंतांग सरकारच्या हेरखात्यानं त्याला ६ लाख हाँगकाँग डॉलर कबूल केले होते. त्यानं मित्रांपाशी फुशारकी मारली, हात सैल सोडून पैसे उधळले, आणि पोलीस जवळ येताहेत असं दिसल्यावर १८ मे रोजी विमानात लपून तैवानला पसार झाला. ते विमानही सीआयएच्या मालकीच्या कंपनीचं. तैवाननं त्याला परत पाठवलं नाही. खटला कधी उभा राहिला नाही.

जटार, बेरी आणि वाचलेले तिघे यांना अशोकचक्र देऊन गौरवलं गेलं. तो मान मिळालेले हे पहिले नागरिक. कर्णिकांनी त्या दिवसावर पुस्तक लिहिलं. तात्यांकडं ते होतं, कव्हर घातलेलं. भाऊआजोबांनी ते वाचलं की नाही, माहीत नाही. कपाटात त्यांच्या बाजूला कधी दिसलं नाही.

१९६६च्या जानेवारीत पुन्हा माँ ब्लाँ, पुन्हा एअर इंडिया. बोईंग ७०७ 'कांचनजंगा', ११७ माणसं, त्यात होमी भाभा. तेव्हापासून आजपर्यंत आपल्याकडं लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हमखास सांगतं की तो घातपात होता. भाऊआजोबांसमोर हा विषय निघाला की ते ताटावरून उठत. चौकशीत निघालं ते वेगळंच होतं: विमानाचं दिशा सांगणारं एक उपकरण बेरूतहून निघतानाच नादुरुस्त होतं, वैमानिकाचा अंदाज चुकला, जमिनीवरून मिळालेली दुरुस्ती त्याला नीट समजली नाही. "बाँब म्हटलं की बरं वाटतं लोकांना," एकदा ते हात धुताना म्हणाले. "मला विचारा, किती बरं वाटतं ते."

गॅलरीतल्या त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं होतं, बाँब निघाला, तुमची चूक नव्हती, मग अजून कसला विचार करता? ते एक पाना उजेडात धरून बघत होते. जबडा घासून गुळगुळीत झालेला.

"अगं, व्हीलवेल म्हणजे काय माहितीये? विमान येऊन थांबलं की तिथं आमच्यातलाच कुणीतरी शिरतो. टायर बघतो, हायड्रॉलिकची नळी गळते का ते बघतो. टॉर्च लागते, कारण आत काळोख. अंग चोरून घुसावं लागतं. बाहेरून नुसते पाय दिसतात माणसाचे."

पाना त्यांनी टॉवेलवर त्याच्या जागी ठेवला.

"तो आत शिरला असेल तेव्हा आजूबाजूला माणसं होती. पेट्रोलवाले, सामानवाले. कर्णिकही तिथंच कुठं असतील. कुणीतरी त्याचे पाय बघितलेच असणार. आणि वाटलं असणार, चला, काम करतोय कुणीतरी."

मग त्यांनी पाने परत मोजायला घेतले, आणि मधेच आकडा चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून.